गेट व्हॉल्व्ह, जुबैल

दर जानेवारीला मी एक वही घ्यायचो,
पुठ्ठ्यावर उंटाचं चित्र असलेली,
आणि पहिल्या पानावर ठळक लिहायचो, खाली दोन रेघा मारून:
फोरमन व्हायचं.
दुसरं पान कोरं.
अशा सात वह्या ट्रंकेत आहेत माझ्या.
सात फोरमन, सातही पहिल्याच पानावर वारलेले.

मग वरच्या पलंगावर अशफाक मुकादम आला, दाभोळ खाडीकडचा.
सामानात एक लोटा, लोणच्याची बरणी
आणि चहाच्या खोक्यांचे कापलेले पुठ्ठे, रबराने बांधून.
माझी वही त्याने पाहिली. हसला नाही.
"फोरमन लांब राहतो," म्हणाला.
"जवळ कोण राहतं ते बघ."

जवळ राहत होतं ड्रॉइंग.
यार्डात रोज समोर अंथरलेलं,
आणि मला न वाचता येणारं.
अकरा वर्षं मी पाइप उचलला तो दुसऱ्याच्या बोटाकडे बघून.

"रोज एकच चिन्ह. आणि तेही सकाळी, बसमध्ये.
रात्री खोलीवर येतोस तेव्हा तू माणूस नसतोस, गोणपाट असतोस.
गोणपाटाला काय शिकवायचं?"

पुठ्ठा त्याचा, चित्र माझं.
चार चाळीसची बस, काचेला आतून घाम,
बंगाली पोरं एकमेकांच्या खांद्यावर गाढ झोपलेली,
रिफायनरीच्या ज्योतीचा उजेड येतो आणि जातो,
तेवढ्या उजेडात मी काढले
दोन त्रिकोण, नाकाला नाक लावून.
गेट व्हॉल्व्ह.
एवढंच?
"एवढंच. खिशात ठेव."

दिवसभर तो घामाने मऊ होत राहिला
आणि मला जिथं तिथं नुसते त्रिकोण दिसू लागले:
सामोशात, टाय लावलेल्या साहेबाच्या गळ्याशी,
मशिदीच्या सावलीत दुमडून झोपलेल्या माणसाच्या कोपरात.

विसरायचो, तर पुठ्ठा रात्रीच बुटात घालून ठेवायचा.
"डोकं विसरतं. पायाला विसरून चालत नाही."

जुलैत दुपारची बंदी असते, तीन तास कामाला हात नाही.
मी ठरवलं, आता रोज दहा चिन्हं, दणकून.
चार दिवस केली. पाचव्या दिवशी ताप.
नंतर आठवडाभर त्या पुठ्ठ्यांकडे बघायची लाज वाटली.
अशफाकने गठ्ठा उचलला, एक ठेवला, बाकीचे चुलीखाली सारले.
"राहिलेलं भरून काढायचं नाही.
उधारी चढली की माणूस दुकानाची गल्लीच टाळतो."

तुझं काय चाललंय, हे मी त्याला विचारलं
तब्बल दीड वर्षाने. माझंच मला पुरत होतं.
त्याने आपल्या बुटातला पुठ्ठा दाखवला.
त्यावर ज्ञ होता.
पोट जरा जास्त फुगलेला, पण ज्ञ.
त्याची उर्दू शाळा दुसरीतच सुटली होती.
मुलगी मराठीत लिहायची, मोठाले मेसेज,
आणि इतकी वर्षं तो ते कुणाकुणाकडून वाचून घ्यायचा.
"तिने काय लिहिलंय ते खोलीला आधी कळतं, मला मागनं,"
एवढं बोलून त्याने बूट सरळ लावले.

गेल्या मार्चात त्याची एक्झिट लागली.
गेला. बरणी ठेवून गेला, रिकामी.
नंतर एकदा त्याचा मेसेज आला, चार ओळींचा.
प्रकृती लिहिताना अडखळलेला,
पण विज्ञान बरोबर.
मुलगी त्याच शाखेला गेली होती.

मी फोरमन झालो का, तर नाही.
परवा नव्या इंजिनिअरने ड्रॉइंग उलटं धरलं होतं.
मी काही न बोलता दोन कोपरे धरून फिरवलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग माझ्या खिशाकडे.

चहाचे खोके संपलेत.
आता वह्या कापतो. उंटाची पाठ जाड असते, चांगली टिकते.
आज पाचवी वही घेतली.
कात्रीखाली पहिलं पान आलं,
फोर इकडे पडलं, मन तिकडे,
आणि मागची बाजू कोरी होती,
पेन उठेल अशी.